थिसलकोटचा सातवा दगड

आमच्या थिसलकोटचा इतिहास एका दमात सांगता येतो आणि भूगोल त्याहून लवकर. फार वर्षांपूर्वी एक राजा लढाई हरून पळत असताना आमच्याकडे मुक्कामाला येणार होता, पण वाट चुकून शेजारच्या स्नॉडिंगला गेला. तिथे पकडला गेला. आम्ही अजून म्हणतो, वाट चुकला नसता तर वाचला असता. भूगोल असा, की आम्ही टेकडीवर आहोत आणि स्नॉडिंग खाली ओढ्याकाठी. पाऊस पडतो आमच्यावर, पण राहायला जातो त्यांच्याकडे. त्यामुळे आमचे मेलेले कोरडे असतात आणि त्यांचे भिजत पडतात. त्यांच्या दफनभूमीत शवपेटी खाली सोडली की आधी थोडी तरंगते म्हणे. मी पाहिलेलं नाही, पण स्नॉडिंगबद्दल काही वाईट खरं मानायला मला ते पाहावं लागत नाही.

मी हेस्टर ट्रिम्बल. गावचं पोस्ट बावीस वर्षं मी चालवते. येणारं-जाणारं प्रत्येक पत्र माझ्या हातातून जातं. मी कोणाची पत्रं वाचत नाही. पोस्टकार्डांची गोष्ट वेगळी.

तर एवढ्याशा मजकुराचं पुस्तक करायला एन्सलो मास्तर सव्वीस वर्षं बसले होते. ‘थिसलकोटचा इतिहास आणि भूगोल.’ शाळेवर मास्तर म्हणून आले, शाळा बंद पडली तरी ते राहिले. तरीसुद्धा ते आमच्यासाठी नवेच. आमच्याकडे माणूस जुना व्हायला त्याचा आजोबा इथे मेलेला असावा लागतो. माणूस सज्जन, पण भयंकर खरा. चर्चच्या घंटेवरचं साल चुकीचं आहे, हे त्यांनी घंटेच्या द्विशतकाच्या मेजवानीत उभं राहून सांगितलं होतं. पुडिंगही अजून वाढलं नव्हतं.

सत्तावन्न सालच्या मार्चमध्ये गावच्या सभागृहात त्यांचं भाषण झालं. भाग सहावा, ‘गावची शीव’. श्रोते नऊ, त्यातले दोघे चहासाठी आलेले. पहिल्या रांगेत विनी ट्रेग बसली होती, मांडीवर स्वतः केलेला केक घेऊन, कारण मास्तरांच्या भाषणाला दुसरं कोणी काही आणत नाही हे तिला ठाऊक होतं. मास्तरांनी भिंतीवर एक जुना नकाशा टांगला. शंभर वर्षांहून जुना, कुठल्याशा जिल्हा कचेरीच्या तळघरातून नकलून आणलेला.

“आपल्या शिवेचे अकरा दगड,” मास्तर म्हणाले, “त्यातला सातवा आज जिथे आहे तिथे तो नव्हता! तो साठ पावलं अलीकडे होता. म्हणजे मिसेस ट्रेग यांचं घर खरं तर स्नॉडिंगच्या हद्दीत येतं. किती मजेदार, नाही?”

मजा कोणालाच वाटली नाही. दहापैकी नऊ वेळा आमचे पाद्री पिमसाहेब मास्तरांच्या भाषणात झोपतात. त्या दिवशी ते जागे होते.

पिमसाहेब बत्तीस वर्षांचे, नवे, आणि नियम म्हटला की ताठ. आमच्या चर्चच्या आवारात आता तीनच जागा उरल्या होत्या. स्नॉडिंगचे लोक कोरडं मरण मिळावं म्हणून अर्जांवर अर्ज करत होते. म्हणून पिमसाहेबांनीच ठराव करून घेतला होता: जो थिसलकोटच्या शिवेत राहतो, त्यालाच इथे जागा. आम्ही सगळ्यांनी हात वर केले होते. विनीनेही.

आणि त्या तीनातली एक जागा दक्षिणेच्या भिंतीशी, अल्बर्ट ट्रेगच्या शेजारी होती. अल्बर्ट विनीचा नवरा. चव्वेचाळीस साली गेला. तेव्हापासून विनी दर रविवारी त्याच्या थडग्यावरचं गवत कात्रीने कापते आणि शेजारच्या रिकाम्या जागेवरचंही कापते. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, हृदयाचा आजार. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, की पुढच्या उन्हाळ्यासाठी भोपळ्याचं बी घेऊन ठेवू नका.

भाषणानंतर दोन दिवसांनी पिमसाहेब तिच्याकडे गेले आणि टोपी हातात फिरवत म्हणाले, की अडचण झाली आहे. ती तशीच माझ्याकडे आली. रडली नाही. काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

“हेस्टर, मी मूळची स्नॉडिंगची, हे तुला ठाऊक आहे ना?”

“त्याला तुझा इलाज नव्हता,” मी म्हटलं.

“एकोणिसाव्या वर्षी बापाच्या घरातून चपला हातात घेऊन पळाले. पंचावन्न वर्षं झाली. आणि आता मेल्यावर त्या बापाच्या शेजारी जाऊन पडू? पाण्यात?”

मला मास्तरांचा असा राग आला, की मी आठवडाभर त्यांना उलट्या चिकटणाऱ्या तिकिटांचा गठ्ठा विकत होते. आमचा खाटीक बार्नाबी ग्रूम त्यांना फक्त हाडं द्यायला लागला. मास्तर बिचारे हाडं घेऊन घरी जायचे. एकदा मला म्हणाले, “मिस ट्रिम्बल, मला हे नको होतं हो. पण नकाशा आहे तसा आहे. मी काय करू?”

“गप्प बसायचं होतं,” मी म्हटलं.

“ते मला कधी जमलेलं नाही,” ते म्हणाले, आणि हे मात्र खरं होतं. विनी तेवढी त्यांना अंडी पाठवत राहिली. म्हणायची, त्याला जे सापडलं ते त्याने सांगितलं, कोंबड्यांनी त्याच्यावर का रागवावं?

आता उपाय एकच होता. इस्टरनंतर चाळीस दिवसांनी येणाऱ्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी आमचं अख्खं गाव शीव झोडपायला निघतं. हातात विलोच्या झाडाच्या काठ्या घ्यायच्या, शिवेवरून चालत जायचं, आणि प्रत्येक दगड काठ्यांनी सडकून काढायचा. शीव जिथून जाते तिथून आपण जायचं. कर्नलच्या बैठकीच्या खोलीतून जाते म्हणून आम्ही खिडकीतून आत शिरतो आणि समोरच्या खिडकीतून बाहेर पडतो. कर्नल पेपर वाचत बसलेले असतात, वर बघत नाहीत. आणि दगडाशी पोचलं की एका पोराला उलटं धरून त्याचं डोकं दगडावर टेकवायचं, बऱ्यापैकी जोरात, म्हणजे दगड कुठे होता हे त्याला मरेपर्यंत आठवतं. कागद हरवतो, उंदीर खातात. टेंगूळ विसरत नाही. शिवेचं भांडण झालं की टेंगूळवाल्याची साक्ष शेवटची, ही आमची जुनी रीत.

फक्त सातव्या दगडावर कोणाचं डोकं टेकवत नाहीत. तिथे नुसत्या काठ्या मारून पुढे जायचं. का, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. लहानपणी आम्हाला वाटायचं, तिथे भूत आहे. मोठेपणी वाटायचं, तिथे खाजकुयली आहे. त्या दगडावर पूर्वी कधीतरी डोकं टेकलेला जिवंत माणूस आता एकच होता: जेथ्रो हकल, वय एकोणऐंशी. आणि जेथ्रो विनीशी एकतीस वर्षं बोलत नव्हता.

कारण भोपळा. सव्वीस सालच्या जत्रेत विनीच्या भोपळ्याला पहिलं बक्षीस मिळालं, जेथ्रोच्याला दुसरं. जेथ्रो भर मांडवात ओरडला, की ही बाई भोपळ्याला बियर पाजते. विनीने बक्षिसाचा बिल्ला त्याच्या टोपीवर फेकून मारला. तेव्हापासून दोघं एकमेकांशी तिसऱ्यामार्फत बोलायचे. तिसरं कोणी नसलं तर कुत्र्यामार्फत.

मी जेथ्रोच्या बागेत गेले. तो कांद्यांशी पुटपुटत होता.

“जेथ्रोकाका, तुमच्याकडे एक काम आहे.”

“विनी ट्रेगचं असेल तर नाही.”

“गुरुवारी सातव्या दगडाशी यायचं आणि एवढंच सांगायचं, की लहानपणी तुमचं डोकं इथेच टेकवलं. झालं.”

“तिने पाठवलं तुला?”

“तिला माहीतही नाही.”

“तिला सांग, बियर पाजत होती हे कबूल कर, मग बघू.”

“काका, ती मरायला टेकलीये.”

“मग घाई कर म्हणावं,” म्हातारा म्हणाला. पण खुरपं खाली ठेवून तो ओढ्याकडे बघत राहिला, आणि मी फाटकाशी पोचले तेव्हा मागून ओरडला, “मला चालवत नाही, पोरी! कोणीतरी ढकलगाडी आणा!”

गुरुवारी आम्ही निघालो. जेथ्रोला बार्नाबीच्या ढकलगाडीत बसवलं होतं, खाली उशी, हातात विलोची काठी. कर्नलच्या खिडकीतून गाडी जाईना. तेव्हा म्हाताऱ्याला हातोहात आत घेतलं आणि हातोहात बाहेर काढलं. कर्नलनी पहिल्यांदाच पेपर खाली केला आणि म्हणाले, “सुप्रभात, हकल.” एन्सलो मास्तर सगळ्यांच्या मागे एकटेच चालत होते. विनी आपल्या दारात खुर्ची टाकून बसली होती. ठेवणीतली टोपी घातली होती. तिचं घर एका बाजूला, सातवा दगड त्याच्या पलीकडे वीस पावलांवर, ओढ्याच्या उतारावर.

आम्ही दगड झोडपला. मग पिमसाहेबांनी जेथ्रोला गंभीरपणे विचारलं, “मिस्टर हकल, लहानपणी तुमचं डोकं कुठल्या दगडावर टेकवलं?”

“सातव्या.”

“हाच तो?”

“हाच. हा कोपरा बघा ना, उडालाय. तो मीच उडवला. माझं डोकं तेव्हापासून कडक.”

लोक हसले. मी श्वास सोडला. आणि इथे पिमसाहेबांना अक्कल सुचली. तरुण माणसाला ती नको तेव्हाच सुचते. त्यांनी विचारलं, “उलटे टांगलेले असताना तुम्हाला समोर काय दिसत होतं?”

“पूल,” जेथ्रो म्हणाला. “ओढ्यावरचा पूल. उलटा. खालून पाणी वर गेल्यासारखा. अजून डोळ्यांसमोर आहे.”

सगळ्यांनी माना वळवल्या. इथून पूल दिसत नाही. उताराच्या फुगवट्याआड तो दडतो. पूल दिसतो तो घराच्या अलीकडून, बरोबर साठ पावलांवरून, मास्तरांच्या नकाशात फुली होती तिथून.

जेथ्रोने स्वतः मान लांब करून पाहिलं, आणि मग त्याच्याही लक्षात आलं, की आपण काय बोलून बसलो.

“मेलो!” तो म्हणाला. “बार्नाबी, गाडी फिरव.”

“नाही फिरवत,” बार्नाबी म्हणाला. “दगड कोणी हलवला, काका?”

म्हाताऱ्याने काठी दोनदा उशीवर आपटली.

“आम्ही हलवला. मी, अल्बर्ट, तुझा आजा आणि लोहार. एकोणीसशे दोन साली, सप्टेंबरात, रविवारी सकाळी, सगळं स्नॉडिंग चर्चमध्ये गळा काढत होतं तेव्हा. भर दिवसा, घोडागाडीतून. क्रिकेटसाठी!”

क्रिकेट म्हटल्यावर सगळ्यांना एकदम समजलं. आमचा स्नॉडिंगशी दर जूनला सामना होतो आणि त्याचा नियम एकच: जो गावाच्या शिवेत झोपतो, तोच गावाकडून खेळतो. अल्बर्ट ट्रेगसारखा गोलंदाज आमच्याकडे ना आधी झाला ना नंतर. त्याने लग्न केलं आणि भाड्याला मिळालं ते एकच घर, तेही साठ पावलं पलीकडे. स्नॉडिंगचा कप्तान लगेच त्याला टोपी द्यायला आला होता म्हणे.

“आणि स्नॉडिंगवाल्यांना कळलं नाही?” मी विचारलं.

“कळलं की! पण तोवर अल्बर्टने त्यांचे नऊ गडी बाद केले होते. तक्रार केली असती तर हरले म्हणून रडताहेत असं दिसलं असतं. त्यापेक्षा त्यांनी जमीन सोडली.” जेथ्रोने काठी दगडाकडे रोखली. “पण त्या दगडावर पोराचं डोकं आम्ही कधी टेकवू दिलं नाही. दगड चोरणं वेगळं. पोराच्या डोक्याला खोटी साक्ष द्यायला लावणं वेगळं. आम्ही काय स्नॉडिंगचे आहोत?”

भूत नव्हतं, खाजकुयलीही नव्हती. पिमसाहेबांचा चेहरा खरोखरच पडला होता. “म्हणजे मिस्टर एन्सलोंचं बरोबर आहे,” ते हळूच म्हणाले. “मिसेस ट्रेग, मला फार वाईट वाटतं. पण मग शीव तिथे आहे.”

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा गावाने मान्य केलं होतं, की मास्तरांचं बरोबर आहे. मी रागाने त्यांच्याकडे वळले. ते आपल्या बुटांकडे बघत होते.

“अजून एक राहिलं,” जेथ्रो म्हणाला. “त्या बाईला सांगा. क्रिकेट हे कारण अल्बर्टने आम्हाला सांगितलं. मला एकट्याला मागाहून म्हणाला, की विनी महिनाभर रोज रडते. स्नॉडिंगमधून पळाले आणि पुन्हा स्नॉडिंगमध्येच येऊन पडले म्हणते. तो म्हणाला, जेथ्रो, बायको रडते म्हणून या गावात कोणी काडी उचलणार नाही. क्रिकेटसाठी म्हटलं तर चर्चसुद्धा हलवतील.”

विनी खुर्चीतून उठली होती. टोपीच्या फिती तिच्या हातात गोळा झाल्या होत्या.

“मला म्हणाला, पुन्हा मोजणी झाली,” ती म्हणाली. “म्हणाला, कारकुनाची चूक होती, आपण थिसलकोटमध्येच आहोत. पंचावन्न वर्षं रोज सकाळी मी ओढ्याकडे तोंड करून म्हणत होते, तुम्ही तिकडे, मी इकडे.” मग ती सरळ जेथ्रोच्या गाडीपाशी आली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली, “जेथ्रो, मी बियर पाजत होते. रोज संध्याकाळी एक पेला.”

“माहीत होतं मला!” म्हातारा गाडीत जवळजवळ उभाच राहिला. “ऐकलंत? एकतीस वर्षं ओरडतोय मी! काळी की पिवळी?”

“काळी.”

“शाबास,” जेथ्रो म्हणाला, आणि त्याने नाक पुसलं.

तेवढ्यात मास्तर पुढे आले. पांढरेफटक पडले होते. मला वाटलं, आता हे आणखी काहीतरी खरं सांगणार, आणि मी काठी घट्ट धरली.

“पिमसाहेब, एक नियम आहे,” ते म्हणाले. “चर्चच्या पेटाऱ्यात सतराशे तेहेतीसची कारभाऱ्यांची वही आहे. पान एकसष्ट. ‘जिथे गावाने पन्नास वर्षं बिनतक्रार शीव झोडपली, आणि जिथे डोकं टेकलेला माणूस हयात आहे, तीच शीव, मग दगड कुठूनही आलेला असो.’ पन्नास वर्षं तर होऊन गेली. तक्रार झालेली नाही.”

“मी ते पान वाचलेलं नाही,” पिमसाहेब म्हणाले.

“माझ्याशिवाय कोणीच वाचलेलं नाही. अक्षर फार वाईट आहे.”

“पण या जागी डोकं टेकलेला माणूस कुठे आहे?”

मास्तरांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. मग टोपी. मग पुस्तकासाठी जपलेली ती टिपणांची वही. “बार्नाबी,” ते म्हणाले, “जरा त्रास देतो.”

एकसष्ट वर्षांच्या मास्तरांना बार्नाबीने अर्ध्या बोकडासारखं उचललं आणि उलटं केलं. खिशातून दोन पेन्सिली, एक मोजपट्टी आणि एक हाड पडलं. मग त्यांचं डोकं सातव्या दगडावर टेकलं. आवाज चांगला झाला. दोन महिन्यांच्या हाडांचा राग बार्नाबीने त्यात थोडा मिसळला असावा, असं मला वाटतं.

“काय दिसतंय, मास्तर?” जेथ्रो ओरडला.

“मिसेस ट्रेग यांचं घर,” मास्तर उलट्या तोंडाने म्हणाले. “उलटं. पण थिसलकोटमध्ये.”

विनी फेब्रुवारीत गेली. डॉक्टर म्हणाले होते त्याप्रमाणेच, पण तिने भोपळ्याचं बी मात्र घेऊन ठेवलं होतं. पिमसाहेबांनी तिला दक्षिणेच्या भिंतीशी, अल्बर्टच्या शेजारी, कोरड्या मातीत पुरलं. जेथ्रोला ढकलगाडीतून आणलं होतं. सगळे निघाल्यावर त्याने कोटाखालून काळ्या बियरची बाटली काढली आणि हळूहळू मातीवर ओतली. म्हणाला, “बघू आता काय उगवतं.”

इस्टरच्या आधी चर्चची पितळेची भांडी घासायची पाळी माझी होती. पेटारा उघडा होता. मी सहज वही बाहेर काढली. सतराशे तेहेतीसची, चामड्याची, उंदरांनी एक कोपरा खाल्लेली. अक्षर खरोखर वाईट होतं, पण पानांचे आकडे वाचता येत होते. वही अठ्ठावन्नाव्या पानावर संपत होती.

मी दोनदा मोजलं; एकसष्टावं पान नव्हतंच. मग मला दिसलं, की शेवटच्या पानात खुणेसाठी एक कागद घातलेला आहे. तो चर्चच्या पत्रकाचा तुकडा होता, स्वर्गारोहणाच्या गुरुवारचा, आणि मागे पिमसाहेबांच्या नीटस अक्षरात लिहिलं होतं: ‘आजच तपासलं. मिसेस ट्रेग, दक्षिण भिंत, जागा पक्की.’

मी कागद होता तिथे ठेवला आणि वही पेटाऱ्यात सगळ्यात खाली, जुन्या पडद्यांच्या घडीत सरकवली. मग घरी जाताना बार्नाबीच्या दुकानात थांबले आणि त्याला सांगितलं, की मास्तरांना आजपासून चांगलं मटण द्यायचं, ते आपल्या गावचे आहेत.